थर्ड करून आलोय

वाळूजच्या बजाजनगरात नवा माणूस राहायला आला की त्याचं आडनाव नंतर विचारतात. आधी ‘कंपनी कोणती?’ आणि पाठोपाठ ‘शिफ्ट कोणती?’ या दोन उत्तरांत त्याची बरीचशी कुंडली मांडून होते. पर्मनंट की कंत्राटी, बस कोणत्या चौकात धरतो, दूधवाल्यानं किती वाजता यायचं आणि कोणत्या आठवड्यात त्याच्या दाराची बेल वाजवायची नाही, सगळं त्यात आलं. मला विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, ‘कंपनी नाही. घरूनच काम करतो. फ्रीलान्स.’ विचारणारे काका कंपनीतून रिटायर झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोच्या स्कूटीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘होईल, होईल. प्रयत्न सोडू नका.’

त्यांचा काही दोष नाही. वाळूज हे गाव जुनं, गंगापूर तालुक्यातलं, नगर रोडवरचं. पण आज शहरातला माणूस ‘वाळूजला जातो’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गाव नसतं, एमआयडीसी असते. १९८५ साली इथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याला सुटे भाग पुरवणारे आले, मग त्या सुट्या भागांचे सुटे भाग करणारे आले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, तीसगाव, छोटं पंढरपूर या गावांच्या शेतांत खोल्या उभ्या राहिल्या. जालना, परभणी, बीडपासून बिहारपर्यंतची माणसं त्यांत येऊन राहिली आणि सगळ्यांनी मिळून एक पंचांग स्वीकारलं: फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि साहेब लोकांसाठी जनरल. या पंचांगात माझी तिथीच नाही.

मी ड्रॉइंग करतो. भिंतीवर लावायची नव्हेत, मशीनवर लावायची. फिक्श्चर नावाची एक वस्तू असते, तिची. लोखंडाचा तुकडा मशीनवर ठेवून त्याला भोक पाडायचं तर तो जागचा हलता कामा नये. केसभर हलला तरी जॉब मेला. आमच्यात असंच म्हणतात, जॉब ‘मेला’. खराब झाला असं गुळमुळीत कोणी म्हणत नाही. तर त्या तुकड्याला धरून ठेवणारी जी लोखंडी मूठ, ती फिक्श्चर. कोणत्याही वस्तूला हलायच्या सहा वाटा असतात: मागं-पुढं, डावी-उजवीकडं, वर-खाली आणि या तिन्ही दिशांभोवती गिरकी. त्या अडवायला खाली तीन टेकू, बाजूला दोन आणि टोकाला एक. याला आम्ही थ्री-टू-वन म्हणतो. त्यावरून क्लॅम्प आवळला की तुकडा गप्प बसतो. गेली अकरा वर्षं मी लोकांचे तुकडे गप्प बसवण्याचं काम करतो आहे. पहिली सहा वर्षं एका कंपनीच्या टूल डिझाइनमध्ये बसून केलं, आता पाच वर्षं घराच्या वरच्या खोलीत. स्वतःच्या मनाला हलायच्या वाटा मात्र मी अजून मोजतोच आहे.

वरच्या खोलीत बसल्याच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका प्लेटचं ड्रॉइंग करत होतो. दोन डॉवेलच्या भोकांमधलं अंतर लिहायचं होतं, चौऱ्याऐंशी. आठ लिहिला आणि खालून हाक आली, ‘अहो, मेथी घेऊ का पालक?’ खाली गेलो. मेथी घेतली. येताना दारात कुरिअरवाला उभा. समोरच्यांचं पार्सल, ते घरी नाहीत, आणि मी घरीच असतो हे त्याला ठाऊक. सही केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आलाच आहात तर आमची मोटर बंद करा, टाकी वाहायलीय. केली. वर आलो, बसलो आणि आठच्या पुढं शून्य लिहून मोकळा झालो. चारचं शून्य का झालं ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक मेथीची जुडी चाळीसला मागत होता, त्यातलं शून्य असावं.

प्लेट तयार झाली. ग्राइंडिंग झालं, हार्डनिंग झालं. रात्री मी सहज ड्रॉइंग उघडलं आणि पोटात खड्डा पडला. पाहिलं तर रात्रीचे अकरा वाजलेले. मनात पहिला विचार आला तो मी इथं लिहीत नाही. दुसरा विचार आला आणि ज्यांचं काम होतं त्या शेठना मी फोन लावला. म्हणालो, ‘शेठ, माझ्याकडून चूक झाली. ऐंशी नाही, चौऱ्याऐंशी. असेंब्लीला घेऊ नका. मटेरियलचे आणि मशीनिंगचे पैसे माझ्या बिलातून कापा.’ पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग शेठ म्हणाले, ‘झोपा आता. सकाळी बघू.’ आमच्याकडचा अनुभव असा की, सकाळी बघू म्हणणारा माणूस तुम्हाला सोडणार नसतो. त्यांनी पैसे कापले, पूर्ण कापले, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं काम दिलं. ती प्लेट ते आता दार अडवायला वापरतात. त्यांच्या शॉपमध्ये जाताना दरवेळी मी माझ्या मेलेल्या जॉबला ओलांडून जातो. दार मात्र तेव्हापासून कधी बंद झालेलं नाही.

फ्रीलान्स शब्दाबद्दल काकांना वाटतं तेवढी दया वाटायचं कारण नाही. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ सालच्या कादंबरीत हा शब्द भेटतो. कोणत्याही सरदाराकडं मोल घेऊन लढणारे भालाईत, ते फ्री लान्स. आपल्याकडं यासाठी जास्त चांगला शब्द आधीपासून होता, शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. आता कंपनीचा लॅपटॉप वापरतो तो बारगीर, आणि हप्त्यावर घेतलेला स्वतःचा घेऊन येतो तो शिलेदार. हे मी एकदा बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, ‘घोडा मेला की भरपाई कोण द्यायचं?’ घोडा मेला की शिलेदाराचं जातं, बारगिराचं काही जात नाही. तिच्या वडिलांनी लग्नाआधी ‘पर्मनंट आहे ना?’ एवढंच विचारलं होतं, ते याचसाठी.

नोकरी सोडताना वाटलं होतं, साहेबाची कटकट गेली. प्रत्यक्षात एक साहेब जाऊन सात आले, आणि सातांच्या सात वेळा. एक सकाळी सातला फोन करतात, कारण त्यांचा मॉर्निंग वॉक चालू असतो आणि चालताना त्यांना कल्पना सुचतात. धापा टाकत सांगितलेलं माप लिहून घेणं ही एक वेगळी कला आहे. दोन आकड्यांच्या मध्ये आलेला श्वास दशांशचिन्ह समजायचा की नाही, हे सरावानं कळतं. दुसरे सगळं व्हॉइस मेसेजवर बोलतात. चार मिनिटांचा मेसेज, त्यात साडेतीन मिनिटं मागं प्रेसचा धडधडाट, आणि शेवटी ‘तर असं करा’ एवढंच स्वच्छ ऐकू येतं. तिसरे फार गोड आहेत. चहा पाजतात, घरच्यांची चौकशी करतात, आषाढीला छोट्या पंढरपूरला दर्शनाला सोबत नेतात. बिलाचा विषय काढला की दुसरा चहा मागवतात. एका वर्षात मी त्यांच्याकडं जितका चहा प्यायलो, तितका कुणी सोयरिकीच्या घरीही पीत नाही. एक निरीक्षण नोंदवून ठेवतो: जो गिऱ्हाईक कामाआधी दरावरून तासभर भांडतो, तो बहुतेक वेळेवर पैसे देतो. भांडतो, कारण त्याला द्यायचे असतात.

आणि या सातही जणांचं एक वाक्य सारखं आहे, ‘थोडासाच चेंज आहे.’ कधी क्लॅम्प अंमळ डावीकडं, कधी एक टेकू कमी, कधी ‘आधीचंच बरं होतं, ते द्या’. एकाचं ड्रॉइंग रिव्हिजन जी पर्यंत गेलं होतं. ए, बी, सी करत आम्ही बाराखडीच शिकत होतो. असा दिवस गेला की मला वेरूळ आठवतं. इथून तासाभराच्या आत आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्यासाठी कैलास लेणं खोदलं ते वरून खाली. आधी कळस, मग पाया. राजा मध्येच येऊन ‘शिखर थोडं उजवीकडं घ्या’ म्हणू शकत नव्हता, कारण उजवीकडचा डोंगर कधीच उतरून गेलेला. पुढच्या शतकातला, इ. स. ८१२ च्या सुमाराचा, कर्क राजाचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला आहे, त्यात या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की, काम पुरं झाल्यावर कारागिरालाच आश्चर्य वाटलं, हे आपल्या हातून झालं कसं, आणि पुन्हा आपल्याला हे जमायचं नाही. माझंही काम पुरं झाल्यावर मला आश्चर्य वाटतं, पण ते वेगळ्या कारणानं.

तिकडं अजिंठ्याला दुसरी शिकवण आहे. तिथली काही लेणी अर्धीच राहिली. चोविसाव्या लेण्याचे खांब पाहिले की कारागीर जेवायला गेलेत असं वाटतं. वॉल्टर स्पिंक या अमेरिकी अभ्यासकानं आयुष्य अजिंठ्यावर घालवलं. त्यांचं मत असं की, इ. स. ४७७ च्या सुमारास वाकाटक राजा हरिषेण गेला, आश्रय आटला आणि कामं थांबली. अॅडव्हान्स घ्यावा हे मला कोणत्याही पुस्तकानं पटवलं नव्हतं, त्या खांबांनी पटवलं. तेव्हापासून तीस टक्के आधी घेतो. चहावाल्या शेठकडून अजून घेता आलेले नाहीत. तिथं मागायला तोंड उघडलं की त्यात बिस्कीट येतं.

पैशाचं एकूण गणित समजायला जायकवाडी धरण माहीत हवं. आमच्या एमआयडीसीचं पाणी तिथलंच. त्याच्या जलाशयातून, पैठणच्या नाथसागरातून, डावा कालवा निघतो, दोनशे आठ किलोमीटर धावतो, परभणी जिल्ह्यात जातो. वरचा शेतकरी दारं उघडून ऊस भिजवतो आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून वरच्या अंगाला बघत बसतो. वाळूजमधल्या पैशाचंही तसंच आहे. मोठी कंपनी पहिल्या पुरवठादाराला देते, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. तिसऱ्याच्या शॉपमध्ये मशीन दुरुस्त होतं, लाइटबिल भरलं जातं, कामगारांचे पगार होतात, आणि मग उरलेली ओल माझ्यापर्यंत येते. मी टेलला आहे. २००६ सालचा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांचा कायदा सांगतो की, लहान उद्योगाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्या. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. मी ‘उद्यम’ नोंदणी केली आहे. बिलाच्या तळाशी ते कलम बारीक अक्षरांत छापतोही. एका शेठनी ते वाचलं, चष्मा काढला आणि निरागसपणे विचारलं, ‘हे तुम्ही माझ्यासाठी छापलं का मी माझ्या वरच्या कंपनीला दाखवायला?’ त्यांचे पैसे वर नव्वद दिवसांपासून अडकले होते. त्यांना मी त्या कायद्याची झेरॉक्स दिली. टेलच्या दोन शेतकऱ्यांनी एकमेकांवर फिर्याद करून पाणी येत नसतं.

तर चौऱ्याऐंशीचे ऐंशी झाले तो मूळ मुद्दा, लक्ष लागण्याचा. मी सगळे उपाय केले. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. तिथं जाऊन बघायला लागलो. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती असा एक गजर लावला. पहिल्या विश्रांतीत मोटर बंद करायला गेलो तो जेवूनच वर आलो. फोन हे माझं खरं दुखणं नव्हतंच. अख्ख्या गल्लीच्या मते मी रिकामा होतो, आणि रिकाम्या माणसाचा वेळ सार्वजनिक नळासारखा असतो, ज्याला लागेल त्यानं भांडं लावावं. कुणाचं सिलिंडर घेऊन ठेव, कुणाच्या मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरून दे, कुणाची चावी सांभाळ. ‘तुम्ही काय, घरीच असता ना!’ गावाकडं आई शेजारणीला सांगायची, ‘कंपनी सुटली त्याची. आता काँप्युटरवर काय काय करायलाय.’

उपाय सापडला तो बायकोच्या रागातून. एका दुपारी तिसऱ्यांदा बेल वाजली. काकू दारात, पिठाची गिरणी बंद आहे का ते बघून या म्हणत होत्या. वर मी एका अवघड क्लॅम्पशी झुंजत होतो. बायको म्हणाली, ‘ते झोपलेत. थर्ड करून आलेत.’

मला वरून सगळं ऐकू आलं. काकूंनी जीभ चावली. ‘अगं बाई, आधी नाही का सांगायचं!’ म्हणाल्या आणि पायांचा आवाज न करता गेल्या. पाच मिनिटांनी गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर त्यांचाच दबका आवाज आला, ‘पळा रे तिकडं, काका थर्ड करून आलेत!’ वाळूजमध्ये थर्ड शिफ्ट करून झोपलेला माणूस म्हणजे समाधीत बसलेला योगी. त्याच्या खिडकीखाली हॉर्न वाजवत नाहीत, भाजीवाला आरोळी गिळतो, लग्नाचा बँडसुद्धा कोपऱ्यावरून वळतो. कारण प्रत्येक घरात कधी ना कधी कुणीतरी तसं झोपलेलं असतं. त्या दुपारी मी साडेतीन तास सलग काम केलं. असं कंपनीतसुद्धा कधी झालं नव्हतं. तिथं मीटिंगा असायच्या.

मग आम्ही ते तसंच चालू ठेवलं. खोटं बोललो का? थोडं बोललो. सकाळी नऊ ते दीड माझी खिडकी बंद, पडदा ओढलेला. गिऱ्हाइकांसाठीही त्याच धर्तीवर एक वाक्य शोधलं. पूर्वी म्हणायचो, ‘शेठ, जरा कामात आहे.’ त्यावर पलीकडून यायचं, ‘दोनच मिनिटं.’ आता मेसेज टाकतो, ‘मशीनवर आहे. दीडला फोन करतो.’ मशीन चालू असताना ऑपरेटरला हाक मारायची नाही, हे या गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. माझं मशीन म्हणजे टेबलावरचा काँप्युटर, पण शब्दाची पत मोठी. सकाळी सातवाल्या शेठना मात्र हे लागू नाही. त्यांच्या वेळेत माझं मशीन सुरू झालेलं नसतं. त्यांच्यासाठी उशाशी वही ठेवतो. दीडला मात्र सातही जणांना न चुकता फोन करतो, काही सांगण्यासारखं नसलं तरी. पूर्वी ते दिवसाला चार वेळा विचारायचे, कुठवर आलं? आता दीडची वाट बघतात. चहावाले शेठ तर म्हणाले, ‘तुमचा फोन आला की आमची जेवायची सुटी होते.’

थर्ड शिफ्टचे दुष्परिणाम यायला मात्र दोन महिने लागले. आधी काकांनी पाठीवर थाप मारली: ‘म्हणालो नव्हतो, होईल म्हणून!’ मग एक दिवस काकू पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, बहिणीच्या पोरानं ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलंय, आयटीआय. दोन वर्षांचा कोर्स. तुमच्या कंपनीत चिकटवा ना कुठंतरी.’ मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं पेढ्यांकडं पाहिलं. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, ‘उद्या नऊला पाठवा.’

पोरगा आला. इस्त्रीचा शर्ट, डबा, पाण्याची बाटली, फाइलमध्ये सर्टिफिकेटांच्या तीन-तीन झेरॉक्स. जिना चढून वर आला, खोलीत एक टेबल, एक काँप्युटर आणि वाळत घातलेले टॉवेल बघून थबकला. मी म्हणालो, ‘बस. कंपनी हीच.’ त्यानं सगळीकडं एकदा नजर फिरवली आणि विचारलं, ‘साहेब, शिफ्ट कोणती?’

त्याचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. त्याच्या ड्रॉइंगमध्ये चौऱ्याऐंशीचे ऐंशी होत नाहीत. झालेच तर तो खाली मान घालून आधी स्वतः सांगतो, ते मी त्याला शिकवलेलं नाही. त्यानं मावशीला काहीही सांगितलेलं नाही. घरी तो जनरल शिफ्टला आहे. दुसरं टेबल घेतलं, जुना काँप्युटर घेतला, टॉवेल गच्चीवर गेले. दुपारी दीडला मी फोनवर बसतो तेव्हा तो डबा उघडतो आणि माझ्या पुढ्यात लोणच्याची फोड ठेवतो.

पगाराचं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. १९३६ चा पगारवाटपाचा कायदा लहान आस्थापनांना सांगायचा की, पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. मला कधी मिळतील ते मिळोत, याला सातला द्यायचे. गेले चौदा महिने दिलेत. तीन वेळा बायकोकडून उसने घेऊन, एकदा भिशीतून.

सात बिलांपैकी पाच अजून वर अडकलेली आहेत. आज सहा तारीख. चहावाल्या शेठकडं चाललोय.